गोपनीय खोलीबाहेरच्या चपला

वडगाव निंबाळकर

रा. रा. डॉक्टर दिग्विजयराव यांस हिंदुराव याचा सप्रेम नमस्कार आणि चि. सौ. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुमच्याकडे इंदापुरातही सगळं ठीक असेल असं धरून चालतो. उत्कर्षाचा गुडघा कसा आहे? (माझी धाकटी बहीण लहानपणापासून दुखणं म्हणून सांगत नाही, लंगडायला लागली की मगच कळतं.) तुमची तब्येत मात्र परवा बारामतीच्या परिषदेत पाहिली. कोट अंगाला छान बसला होता, चेहरा तेवढा बसला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांच्या त्या परिषदेत तुमचा मेव्हणा काय करत होता, असं बारामतीत तुम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं असेल, म्हणून मीच सविस्तर कळवतो. मी साधा निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. पण परिषदेचे सचिव आबाजी घरी आले आणि म्हणाले, "हिंदुराव, औंदा आपल्याकडंबी एक गोपनीय माणूस नेमायचाय. कुणाला काय डाचत आसंल तर त्यानं तुमच्यापाशी येऊन बोलायचं. तुमी फकस्त ऐकायचं." ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, लिहून ठेवायचं नाही, बाजू घ्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि गाऱ्हाणं ज्याचं त्यानं परवानगी दिली तरच पुढे एखादा शब्द टाकायचा. हे ऐकून तुमच्या वहिनी मुक्ताबाई चुलीपाशी इतक्या हसल्या की दूध उतू गेलं. "यांच्या तोंडात तीळ भिजत न्हाय," त्या आबाजींना म्हणाल्या, "आन तुमी यांनाच तिजोरी करताय व्हय?" मला राग आला आणि रागाच्या भरात मी हो म्हणालो. आयुष्यातली बरीचशी पदं मी अशीच स्वीकारलेली आहेत.

मला मंडपाशेजारची खोली दिली. खाली सतरंजी, कोपऱ्यात गणपतीचा फोटो, दाराला पडदा. पहिले गृहस्थ आले आणि (सतरंजी पाहिल्यावर आपल्या भागातला माणूस दुसरं काय करणार?) चपला दाराबाहेर काढून आत बसले. ते आत खालच्या आवाजात बोलताहेत आणि बाहेर जेवणाच्या रांगेतली सगळी परिषद त्यांच्या चपला ओळखते आहे! ताट हातात येईपर्यंत त्यांचं कुणाशी बिनसलंय याचा अंदाजही लोकांनी बांधला होता. पुढच्यांना मी म्हणालो, पायताण आत घेऊन या. कुणी तयार होईना. "काका, गणपती हाय की हितं," असं उलट मलाच ऐकवलं. मग मी डोकं चालवलं. आचाऱ्याच्या, वाढप्यांच्या, मंडपवाल्याच्या चपला मागून आणून दाराबाहेर ढीग घातला, म्हणजे कुणाची कुठली ते कळू नये. झालं भलतंच. एवढ्या चपला बघून लोकांना वाटलं, आत सत्यनारायण आहे. माणसं येऊन, हात जोडून, सतरंजीवर मांडी ठोकून बसू लागली. आचाऱ्याच्या आई छबूबाई यांनी तर "पोथी कुठवर आली?" म्हणून विचारलं. मधोमध एक बिचारा डॉक्टर, आपल्या साहेबाचं गाऱ्हाणं ओठांवर धरून बसलेला. शेवटी भटारखान्यातून केळी मागवली आणि प्रसाद म्हणून वाटून सगळ्यांना वाटेला लावलं. (त्या गर्दीत अध्यक्षांच्या पायात आचाऱ्याच्या स्लिपरा गेल्या आणि ते तसेच सत्काराला उभे राहिले, हे तुम्ही पाहिलंच असेल.) दुसऱ्या दिवशी मी गणपतीची माफी मागून त्याला मंडपात नेऊन बसवलं, सतरंजी गुंडाळली आणि खुर्च्या टाकल्या. मग माणसं चपलांसकट आत येऊ लागली.

गाऱ्हाणी बहुतेक जिलबी गार होती, हार नंतर घातला, अशीच. पण दोघं आले ते निराळे.

सकाळी एक व्यक्ती आली. कोण ते सांगणार नाही. तिनं दोन हिवाळे कळंबच्या गोठ्यागोठ्यांत पहाटे जाऊन गाईंच्या कासा तपासल्या. कासेला दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते, दूध नासतं, सड आटून कायमचा जातो, हे सगळं तुम्हाला मी काय सांगावं? तर ती दगडी आधीच कशी ओळखायची हे तिनं शोधून काढलं, आणि परिषदेत निबंध आला तो वरिष्ठांच्या एकट्याच्या नावावर. हिचं नाव शेवटी आभारात, तेही जीपच्या ड्रायव्हरच्या खाली. "मला भांडण नकोय, काका. सरांच्या हाताखालीच राहायचंय मला. फक्त माझं काम माझ्या नावावर पायजे," एवढं ती बोलली आणि रिकामा कप पदरानं उगाचच पुसत बसली. दिग्विजयराव, मला फार वाईट वाटलं. बाजू घ्यायची नाही हा नियम ज्यानं केला त्याच्यासमोर कुणी असा कप पुसला नसावा.

दुपारी दुसरी व्यक्ती आली. कोण ते अर्थातच सांगणार नाही. मोठा माणूस, नुकताच निबंध वाचून आलेला. खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, "टाळ्या वाजत हुत्या तवा मी कागद आवरत हुतो. वर बघवंना." काम दुसऱ्याचं, नाव आपलं लागलं, आधी सवयीनं, आणि नंतर सांगायची लाज वाटली म्हणून तसंच राहिलं, असं त्याचं म्हणणं. "आता काय करू?" असंही त्यानं विचारलं. सल्ला देता येत नाही, म्हणून मी चहा दिला. त्यानं तो फुंकून फुंकून गार केला आणि तसाच ठेवून निघून गेला.

आता माझी अडचण बघा. गोष्ट एकच, माणसं दोन, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची सोय नाही. तेव्हापासून माझं पोट फुगलंय. मुक्ताबाई ओवा देतात आणि आशेनं माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

असो. उत्कर्षाला गुडघ्याला तेल लावायला सांगा. पत्राला उत्तर नाही आलं तरी चालेल, पण हे सावकाश बसून वाचा.

आपला,
हिंदुराव

ता. क. पहिली व्यक्ती म्हणजे तुमच्याच केंद्रातली डॉक्टर वृषाली, आणि निबंध तुमचा. हे तिच्या परवानगीनं लिहितो आहे. सरांशी तुम्हीच बोला, असं तिनंच मला सांगितलं. समोर येऊन बोलणार होतो, पण जावयाला पाटावर बसवून वाढायची आमच्या घराची रीत, बोल लावायची नाही, म्हणून हे एवढं पाल्हाळ. परिषदेची स्मरणिका शनिवारी छापायला जाते. त्याआधी आबाजींना फोन करा आणि निबंधावर तिचं नाव पहिलं घाला. तिच्या वडिलांनी, भिमाआप्पांनी, पोरीचं नाव पुस्तकात येणार म्हणून अख्ख्या कळंबला सांगून ठेवलंय.

आणखी एक ता. क. दुसरी व्यक्ती कोण, हे मी वृषालीला सांगितलेलं नाही, उत्कर्षाला नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. उद्या सकाळी दाढी करताना त्याची गाठ पडलीच, तर म्हणावं, तो आपल्या पायांनी माझ्या खोलीत आला, म्हणून माझ्या मनातून उतरलेला नाही. आणि नाव बदललं की वृषालीला तुम्हीच कळवा. मी कळवायला गेलो तर मला आनंद लपवता येणार नाही, आणि तिला लगेच समजेल की तिच्यानंतरही कुणीतरी त्या खोलीत येऊन गेलं होतं.