तीनशेवीसपट पातळ करूनही

प्रिय गुंड्या,

परवा तुझा फोन आला. "ताई, सोमवारपासून सात नंबरची गाडी परत माझ्याकडे," एवढं बोलून ठेवूनच दिलास. मी प्रयोगशाळेत हातमोज्यांसकट टाळ्या पिटल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना वाटलं, काहीतरी फुटलं.

आठ महिन्यांपूर्वी तुझे डोळे पिवळेधमक झाले, तेव्हा असा दिवस दिसेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी यकृताचे आकडे पाहिले आणि चष्म्यावरून विचारलं, "किती घेता?" तू म्हणालास, "थेंबही नाही." ते नुसते हसले. डेपोतल्या साहेबांनी तर तुला सरळ गाडीवरून उतरवलं. ड्रायव्हर आणि यकृत खराब, म्हटल्यावर पुढचं कुणाला ऐकायचंच नव्हतं. बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू सगळ्यांना सांगून सांगून थकलास आणि शेवटी सांगणंही सोडलंस.

मग दवाखाना बदलला. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी चिठ्ठी लिहिली: आपल्याच शरीरावर उलटलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, आहेत का, बघा. तुझं रक्त आमच्याकडे आलं. नळीवर नाव नसतं, आकडा असतो. पण तो मीच चिकटवला होता. उंदराच्या यकृताच्या, मूत्रपिंडाच्या आणि जठराच्या अतिपातळ चकत्या काचेवर असतात. त्यांवर तुझं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, घातलं, मग चमकणारं रसायन. तसली प्रतिपिंडं असली तर ती चकतीला चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी उजळतात.

अंधाऱ्या खोलीत बसून मी डोळा लावला. जठराचे स्नायू लख्ख हिरवे, मूत्रपिंडातली एकूण एक रक्तवाहिनी उजळलेली! पण सीरम चाळीसपट पातळ केल्यावर थोडी चमक धडधाकट माणसातही दिसते. म्हणून ऐंशीपट केलं, एकशेसाठपट केलं. तीनशेवीसपट पातळ करूनही ती चमक विझेना. मला हवं तेच तर दिसत नाही ना, या धास्तीनं मी बाईंना बोलावलं. रक्त कुणाचं, ते सांगितलं नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अहाहा! शिकवायला जपून ठेवावी अशी काच आहे. कोण आहे हा?" मी म्हटलं, "माझा धाकटा भाऊ." "मग रडतेस काय, वेडे? याला औषध आहे!"

पुढे यकृताचा तुकडा तपासला आणि खात्री पटली. ऑटोइम्यून हिपॅटायटिस. शरीराचे पहारेकरीच घरच्यांना झोडपत होते. गोळ्यांनी तुझा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, तू आरसा बघेनास. पण यकृताचा नऊशेचा आकडा दीडशेवर आला, मग एकतीसवर. एकतीस, गुंड्या! माझा स्वतःचा चौतीस आहे. बाबा आता जिन्यात, दुकानात, भेटेल त्याला तुझ्या आजाराचं नाव ऐकवतात, दर वेळी निराळं. तुझी माफी काही ते मागायचे नाहीत. पण तुझ्या गणवेशाला त्यांनी इस्त्री करून ठेवलीय, तीही दोनदा.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. तू पहिल्यांदा दवाखान्यात होतास, तेव्हा कपडे न्यायच्या निमित्तानं मी तुझ्या घरी गेले आणि कपाट, माळा, सायकलची पिशवी, सगळं हुडकलं. बाटली शोधत होते. तुझी बायको दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "ताई, गादीखाली राहिलंय बघायचं." आणि मी, गुंड्या, तिथंही पाहिलं. तिनं तुला हे कधी सांगितलं नाही, म्हणून मलाच सांगायला हवं. तो हिरवा उजेड दिसेपर्यंत माझाही तुझ्यावर विश्वास नव्हता. भावाचा शब्द मला पुरायला हवा होता. माझं चुकलं. सोमवारी पहिल्या फेरीला मी थांब्यावर उभी असेन. तू हे वाचलेलं असशील. गाडी थांबवलीस, तर शेवटच्या थांब्यापर्यंत येईन.

तुझीच,
ताई