मोठा ट्रान्सफॉर्मर

प्रिय चिऊ,

तुझं पार्सल पोचलं. पातळ प्लास्टिकची फिल्म एक गुंडाळी, भोकांचे पत्रे चार, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी एक डबी. तुझे दोनशे दहा रुपये आणि पार्सल सोडवायला मी दिलेले पस्तीस, वहीत लिहून ठेवलेत. त्यातून तुझ्या बाबांचे स्पीकर उभे राहिले. कपाटाच्या दारांएवढे आहेत, मोलकरीण विचारते, यावर कपडे वाळवायचे का?

फिल्म ताणायला माझेही हात लागले. केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली की सुरकुत्या जातात, मग कापसाने भुकटी चोळायची. तीन दिवस बोटं काळी. देवापुढे हात जोडायची लाज वाटायची. ही फिल्म दोन पत्र्यांच्या मधे राहते, तिला दोन हजार व्होल्ट द्यायचे आणि ती थरथरली की आवाज. दोन हजार! मी बल्ब बदलायचा झाला तरी मेन स्विच बंद करते. परवा व्होल्ट वाढवले तर पत्र्यावर ठिणगी उडाली, फिल्मला मोहरीएवढं भोक पडलं. बाबांनी चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "आता साडेतीन हजारांवर बघू. तू कशाला घाबरतेस?" दिवसभर त्यातच डोकं. दाराची बेल वाजते, हलत नाहीत. नादात आहेत म्हणून मी सोडून देत होते.

चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ नुसत्या कानाने दुरुस्त केले गं त्यांनी. तू आतल्या खोलीत कागद फाडलास तर दुकानातून ओरडायचे, "वहीचा की पुस्तकाचा?" आठवतं?

स्पीकर पहिल्यांदा लावले त्या सकाळी व्हायोलिनची तबकडी होती. मी ओट्यापाशी. इतकं स्वच्छ वाजलं, की कोण आलं म्हणून मी मागे वळले. बाबा पत्र्याजवळ कान नेऊन बसलेले. म्हणाले, "नुसतं पुटपुटतंय. वरचे स्वर येतच नाहीत. तुला येतात?" त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही हो."

चिऊ, दोष स्पीकरात नाही. माझ्या त्या एका शब्दावर ते व्होल्ट चढवत चाललेत. मोठा ट्रान्सफॉर्मर पाठव, असं त्यांचं पत्र तुला आलं असेल. पाठवू नकोस. खोटं मी बोलले, खरंही मीच सांगणार, रविवारच्या आत. पण आधीच पाठवला असशील, तर कधी निघाला ते कळव. पोस्टमनची बेल त्यांना ऐकू येणार नाही, आणि पार्सल गुपचूप माळ्यावर टाकायची बुद्धी मला होईल. ती व्हायच्या आत मला बोलायचंय. एकच ओळ लिही, पण उलट टपाली लिही.

तुझीच,
आई