पंगतीच्या पानावरचं व्होल्टेज

कसबा बावडा,
१२ ऑक्टोबर १९८१

तीर्थस्वरूप गणपतराव मामांना भाचा कृष्णात याचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे आता कसे आहेत? (तेल लावताना वरून खाली चोळायचं असं आमच्या हिचं म्हणणं आहे. खालून वरही चोळून बघावं, असं माझं. गुडघे मामींचे आहेत, त्यांनी ठरवावं.) इकडे सगळे बरे. म्हैस आटली होती, तीही आता ताळ्यावर आली आहे. तिच्या आटण्याला मी कसा कारण झालो हे पुढे ओघाने येईल.

माझा हौशी रेडिओ तुम्हाला ठाऊक आहेच. सरकारी लायसन घेऊन आम्ही मंडळी घरी बसून गावोगावच्या लोकांशी बोलतो, आणि गेल्या खेपेला तुम्ही त्याला ‘बिनकामाची बडबड’ म्हणाला होता. (मी मनावर घेतलेलं नाही. दोनच महिने घेतलं होतं.) तर या उन्हाळ्यात मी नवा ॲम्प्लिफायर बांधला. आपला आवाज लांब जावा म्हणून रेडिओच्या लहरींना जोर देणारी ही पेटी. तिला कमी नाही, जास्त नाही, बरोबर तेरा पॉइंट आठ व्होल्ट लागतात. ते देणारा पॉवर सप्लायही मीच बांधला. पण त्याच्या ट्रान्सफॉर्मरची अशी घरघर, की हिचं डोकं उठायला लागलं. तिने एका सकाळी तो सप्लाय माझ्यादेखत उचलून गोठ्यात नेऊन ठेवला. मी भिंतीला भोक पाडून पंचवीस फूट वायर घरात ओढली आणि संसार वाचवला.

आणि तिथून माझी अब्रू जायला सुरुवात झाली. रोज सकाळी सात वाजता आमची दहा-बारा जणांची हवेतली बैठक भरते. तिचे म्होरके बेळगावचे एक निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, तुमचा आवाज गिरणीत पीठ दळताना बोलल्यासारखा येतो, आणि शेजारच्या लहरींवरच्या लोकांच्या बोलण्यावरही सांडतो. दिवाळीपर्यंत नीट करा, नाही तर बैठकीत बोलू नका, नुसतं ऐका. मामा, मला! आपल्या घराण्यात कुणाला नुसतं ऐकायची सवय आहे का? मी वीजवाल्यांना शिव्या घातल्या, स्टॅबिलायझर आणला, अर्थिंगच्या सळीला रोज मीठपाणी घातलं. (त्या खाऱ्या ओल्या मातीला म्हैस चाटत बसायची आणि वैरणीला तोंड लावायची नाही. आता कळलं ना ती का आटली?) मी घरातून माइकवर बोलायचो आणि ही गोठ्यातून मीटर बघून ओरडायची, “तेरा पॉइंट आठ हाय की! किती वेळा सांगू?” मीटर चोख, आणि आवाज मात्र दळणाचा.

शेवटी लाज गुंडाळून रशीदकडे गेलो. रशीद म्हणजे आमच्या नाक्यावरचा रेडिओ दुरुस्तीवाला, सातवी पास, वय पस्तीस. त्याची टपरीवजा खोली जेमतेम चार हात रुंद, आणि तीही या महिनाअखेर खाली करायची आहे, कारण मालकाच्या जावयाला तिथे कापडदुकान घालायचं आहे. दुसरी जागा मिळेना, म्हणून आता तो कबनूरला मावसभावाच्या यंत्रमागावर तुटलेले धागे जोडायला जाणार. हे त्याने मला एका सेटच्या तारांना डाग देता देता (म्हणजे सोल्डर करता करता), मान वर न करता सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मी तीन महिने त्याच्या दारावरून गेलो होतो, पण डिग्रीवाला म्हणून विचारायला आत गेलो नव्हतो.

तो घरी आला. कशालाही हात न लावता त्याने आधी चहा घेतला आणि विचारलं, “मीटर कुठं जोडलाय?” म्हटलं, सप्लायला, गोठ्यात. त्याने मीटर काढून घरात आणला, ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी लावला आणि मला बोलायला सांगितलं. मी तोंड उघडलं आणि काटा अकरावर आला. पंचवीस फुटांच्या वायरीत पावणेतीन व्होल्ट वाटेतच गडप! रशीद म्हणाला, “दादा, तुम्ही वाढप्याला इचारताय व्हय? त्यो म्हणणारच की वाढलंय म्हणून. पानावर बसलेल्याला इचारा.”

मामा, मी बी.एस्सी. आहे, आणि मला पंगतीचा दाखला देऊन विज्ञान शिकवावं लागलं. त्याने जाड वायर घातली, पण तेवढ्यावर थांबला नाही. ॲम्प्लिफायरच्या तोंडापासून दोन बारीक तारा परत गोठ्यात नेऊन सप्लायच्या आतल्या सर्किटला जोडल्या. आता सप्लाय स्वतःपाशी काय आहे ते बघत नाही, पानावर काय पोचलं ते बघतो आणि कमी पडलं तर तेवढंच आणखी वाढतो. मी कुजबुजलो, ओरडलो, शिट्टी मारली, काटा तेरा पॉइंट आठवरून हलला नाही. मला तर त्याचे हात धरावेसे वाटले, आणि मी धरलेही. तो लाजून “सोडा की, डाग गरम हाय” म्हणाला.

खरी करामत पुढेच. चौथ्या दिवशी म्हशीने त्यातली एक बारीक तार चावून तोडली. निरोप न आल्यामुळे सप्लायला वाटणार की पानावर काहीच नाही, तो वाढतच सुटणार आणि माझा ॲम्प्लिफायर जळणार! धावत मीटर बघितला, तर चौदालाही पोचला नव्हता. रशीदने न सांगता दोन छोटे रेझिस्टर आत घालून ठेवले होते, तार तुटली तर सप्लायने निदान स्वतःपाशी तरी बघावं म्हणून. विचारलं तर म्हणाला, “गोठा हाय म्हटल्यावर तार तुटणारच की.” आणि सुभेदार काल म्हणाले, आता माणूस बोलतोय असं वाटतं.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
कृष्णात

ता. क. तुमच्या संस्थेच्या गारगोटीच्या तांत्रिक शाळेत रेडिओ शिकवायला माणूस हवा आहे, जाहिरात वाचली. तुम्ही सेक्रेटरी आहात. डिप्लोमा मागितला आहे, तो रशीदकडे नाही. एक बिघडलेला सेट त्याच्यापुढे ठेवा, शेजारी डिप्लोमावाला बसवा, आणि तुम्ही फक्त खुर्चीत बसून बघा.

ता. क. २. हे त्याला माहीत नाही. त्याच्या आईला, खैरुनबींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ल्ही बाबा, पोराचे हात धाग्यात नगं जायाला.”

ता. क. ३. अर्जाची शेवटची तारीख वीस आहे आणि हे पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो, म्हणून वरची तारीख खोडून नवी घातली आहे. खरं सांगतो. रशीद कबनूरला गेला तर दर रविवारी माझ्याकडे येईन म्हणाला आहे. गारगोटीहून कुठला येतोय! तेव्हा मामा, तुम्ही नाही म्हणालात तर मला दुःख होईल, पण जितकं व्हायला हवं तितकं होणार नाही. माझ्या मनाचा भरवसा धरू नका, लगेच हो म्हणून टाका.