दर्यापूरच्या उंदराचा वंश

अमरावती, मार्च १९३७

तीर्थस्वरूप व्याही बापूसाहेबांच्या चरणी मोरोपंताचा दंडवत.

अकोल्याच्या धुळीत आपला दमा कसा आहे? आमची तारा सून म्हणून नीट वागते ना? (वागत नसल्यास तिच्या आईला न कळवता मला कळवावे.) इकडे सर्व क्षेम, फक्त घर उंदरांनी भरले आहे, आणि ते मीच पाळलेले आहेत.

कॉलेजात शिकवायला लागतात म्हणून दर्यापूरच्या खुशालरावांच्या कपाशीतून एक शेतउंदीर आणला. टपोऱ्या डोळ्यांचा, धडधाकट. त्याची जोडी परतवाड्याच्या मादीशी लावली. एरवी पिंजऱ्यात सहा-सात पिले होतात, हिला निम्मीच. मादी बदलली, तरी निम्मीच. भांडी घासणारी गंगूबाई म्हणाली, "मास्तर, यातले अर्धे कोनी नेऊन राह्यलं जी! काहून पाळता तुमी असलं?" तिने पिंजऱ्याला लिंबू-मिरची बांधली. उंदरांनी दोरा कुरतडून घरट्यात अंथरला. (आमच्या सौ. प्रमोदिनीने त्या दिवसापासून त्या खोलीत पाऊल टाकलेले नाही.)

मी हसलो खरा. पण ती दुसरी मादी घरटे मोठे मोठे करत राही, आणि रिकाम्या कोपऱ्यातला कापूस चाटत बसे. तिथे कोणीतरी असावे तशी.

पुढे ती गाभण असतानाच मेली. चिरून पाहिली, तर वाढत्या पिलांच्या मधेमधे काळसर गाठी होत्या. सुरू होऊन तिथेच विरलेले जीव. कोणी नेले नव्हते. ते आलेच नव्हते. मग नराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. वंशाचे गुण वाहणारी जी गुणसूत्रे, त्यांतल्या दोहोंनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले. अंगात काहीच कमी नाही, म्हणून तो ठणठणीत. पण बीज तयार होताना वाटणी चुकते आणि निम्मी संतती गर्भातच जाते. जगलेल्यांपैकीही निम्मी तेच घेऊन हिंडतात. त्याचा एक लेक मोठा झाला, बापासारखाच देखणा. त्याच्याही घरट्यात निम्मीच पिले निघाली, तेव्हा मी दार ओढून घेऊन अंगणात जाऊन बसलो.

आपला नम्र,
मोरोपंत

ता. क. चिरंजीव वसंतरावांसाठी दुसरी मुलगी पाहायला आपण निघणार असल्याचे कळले. तारेची बाळे पोटातच गेली, हे खरे. माणसांबद्दल मला काही सिद्ध करता येणार नाही. पण मी मादी बदलून पाहिली होती. हात जोडतो, जाऊ नये.

पुन्हा ता. क. वसंतरावांच्या आधी आणि नंतर जी बाळे पोटातच गेली, त्यांच्यासाठी मनात ठरवलेली नावे आपल्या सौ. मनकर्णाबाईंनी परवा तारेला सांगितली. आपल्याला ती ठाऊक नसावीत.