बंगलीचं दार

इंदूर, १९५३

ती. नाना,

साष्टांग नमस्कार आज लिहवत नाही. हे पत्र टपालात टाकायचाही धीर नाही.

तुम्ही महूला गेल्यावर बगीच्यातली लाकडी बंगली रंगवायला काढली. इंदिराकाकू वारल्यापासून दर दिवाळीला ती तुम्ही स्वतः रंगवायचात, रंगाऱ्याला हात लावू देत नव्हतात. आज दाराचा जुना रंग खरवडताना मिस्त्री म्हणाला, "बाईजी, अंदर तो कभी कुंडी लगी ही नहीं. सिर्फ बाहर." कडी फक्त बाहेरून! आणि आतल्या फळ्यांवर नखांचे ओरखडे आहेत, नाना! खाली उंबऱ्यापर्यंत!

विधवा काकूला एकांत हवा असतो, म्हणून ती बंगलीत राहते, असं तुम्ही सांगायचात. ती आतून दार वाजवायची. आम्ही पोरं खेळ समजून बाहेरून वाजवायचो आणि हसत पळून जायचो.

कुमुदिनी