बत्तीस गुणांचा शब्द

आई,

उदोनहून निघताना वाकलो होतो तेवढाच वाकून नमस्कार. बँकॉकात मी मजेत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? धाकटी नोक अभ्यास करते की नुसती नटते?

शाळेत मी त्या खेळात गुण मिळवायला इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द लावायचो, तेव्हा "याने पोट भरणार का?" म्हणायचीस ना? भरलं! एवढे शब्द येतात म्हणून हॉटेलात थेट काउंटरवर बसवलं. एकाचाही अर्थ येत नाही, हे आमच्या मॅनेजर वंदीबाईंना दुसऱ्याच दिवशी कळलं.

"डोक्यात अख्खा शब्दकोश, आणि पाहुण्याने टॉवेल मागितला तर बघत बसतोस?" त्या कडाडल्या. "बोलायला शीक, नाहीतर आईच्या गाडीवर कोंबड्या भाजायला जा!" तुझ्या गाडीबद्दल त्यांचं वाईट मत नाही हं.

मग ऑस्ट्रेलियाचे डग्लस आजोबा उतरले. त्यांनाही या खेळाचं वेड. मी हरवलं तसे चिडून म्हणाले, "या शब्दाचा अर्थ तरी सांग!"

मी म्हटलं, "बत्तीस गुण."

ते इतके हसले की मुक्कामच वाढवला. आता रोज खेळतो, आणि हरले की ते अर्थ शिकवतात. वंदीबाई खूश, नोकरी पक्की.

काल मी माझा शाळेपासूनचा लाडका, भरघोस गुणांचा शब्द लावला. आजोबांनी छातीवर हात ठेवून समजावलं: घरच्या आठवणीने घास न उतरणं.

बिनअर्थाचा होता तेच बरं होतं, आई.

मला काही झालेलं नाही. फक्त बसवाल्याबरोबर तुझा चिकट भात पाठव.

तुझा काउंटरवरचा साहेब,
कोंग