शालू, तू ‘हो’ म्हणाली होती

प्रिय शालू,

तुले मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या बहिणीला कोण पत्र लिहिते? पण काल तुझी तेरवी झाली, आणि तेव्हापासून छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं आहे. कोणापाशी बोलू? तुझ्या वहिनीपाशीसुद्धा तोंड उघडत नाही.

काल समाजाचे चार लोक बोलायला उभे राहिले. “शालूताई म्हणजे त्यागमूर्ती! बत्तिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पण दुसऱ्या लग्नाचा विचार कधी मनात आणला नाही.” सारे मान डोलवत होते. आणि मी, रिटायर गुरुजी, पोरांना तीस वर्षं ‘खरे बोलावे’ शिकवणारा, मीही मान डोलवली! तू असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. “दादा, भाषण छान झालं हो माझ्यावरचं,” असं म्हणाली असती.

तुले आठवते ना तो दिवस? आठवत नसेल कसा!

सौंसरचे वामनराव टेलर आपल्या म्हाताऱ्या आत्याला घेऊन पांढुर्ण्याला आले होते. तू त्यांच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम आणत होती, शनिवारच्या शनिवार पिशवी घेऊन बसने जात होती. मला वाटे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाते. तसं तू जातही होती म्हणा! त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झालेली. आत्या सरळ बोलली, “गुरुजी, पाट लावून द्या, शालूचं दुसरं लग्न होऊ द्या. दोघंही एकटे जीव.”

मी म्हणालो, विचारून सांगतो. आत आलो. तू चहा गाळून राहिली होती. तुझं तोंड मी पाहिलं शालू, खोटं कशाला बोलू. लग्नाआधी अशी दिसायची तू.

“मले चालते दादा,” तू म्हणाली. मी न विचारताच!

आणि मी काय म्हणालो? “आपल्यात पाट लागत नाही. आपल्या पोरीची, पल्लवीची सोयरीक चालू आहे, नागपूरचे लोक आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?”

तू गाळणी खाली ठेवली. “आपल्यात लागत नाही? मंग आपली माय कोण होती दादा?”

आपली माय बाबाची पाटाचीच होती. गावात ते साऱ्यांना माहीत होतं, कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. बाबा अंगठेबहाद्दर, तरी त्यांनी मायला मानानं घरात आणलं. मी शिकलो, पांढुर्ण्यात घर बांधलं, समाजाच्या मंडळात सचिव झालो, आणि मायची गोष्ट सांगायची लाज वाटायला लागली. शिकून हेच शिकलो मी!

तुझ्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, माहीत आहे ना? “हळू बोल, बाहेर ऐकू जाईल.”

मग बाहेर येऊन सांगितलं, “शालू तयार नाही.” तू पडद्यामागं होती. वाटलं, आता बाहेर येशील, आता बोलशील. नाही आली. पुढच्या शनिवारी तू सौंसरचं काम सोडून दिलं. भावाला खोटं पाडायचं नाही म्हणून? काऊन ग इतकी शहाणी झाली? एकदा तरी भांडायचं होतं, बाई! चार शिव्या द्यायच्या होत्या!

पल्लवीचं लग्न थाटात झालं. दोनच वर्षांनी तिच्या नणंदेचं दुसरं लग्न झालं. त्याच नागपूरच्या घरात, ज्यांच्या भीतीनं मी मरून राहिलो होतो! मी तिथं फेटा बांधून फोटो काढले. तू माझ्या बाजूला उभी होती. अक्षता टाकून म्हणाली, “पोरगी छान दिसून राहिली ना दादा?” मी म्हणालो, “हो.” बस, इतकंच. तेव्हा तरी वामनरावांकडे जायचं होतं मी. गेलो नाही. आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणत वर्षं काढली. तू लोकांची ब्लाउजं शिवत राहिली, मी मंडळाच्या बैठका घेत राहिलो.

काल वामनराव आले होते. सतरंजीच्या शेवटी बसले. केस सारे पिकले, चष्मा जाड झाला. भाषणं संपल्यावर माझ्याजवळ आले आणि हात जोडले. म्हणाले, “गुरुजी, तेव्हा मी उगाच तुमच्या दारी आलो. त्यांच्या मनात कधीच नव्हतं, आज कळलं. मी त्यांना त्रास दिला. माफ करा.”

त्यांनी माझी माफी मागितली, शालू! माझी!

आणि मी म्हणालो, “जाऊ द्या, होते असं.” ते चप्पल शोधत होते, गर्दी होती, बोलायला वेळ होता. तरी नाही बोललो. तिसऱ्यांदा नाही बोललो.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभाव माहीत आहे मला. सोपं काम होईल ते.

उद्या पहिल्या बसनं सौंसरला जातो. दुकानात गिऱ्हाईक असू दे, बाजूचा चहावाला ऐकू दे, मंडळात कळू दे. वामनरावांसमोर उभा राहून मोठ्यानं सांगतो, “ती हो म्हणाली होती. नाही मी म्हणालो.”

तुझा,
दादा